बलुत्यात रेडिओवाला नव्हता

सुताराला जात आहे. लोहाराला आहे, सोनाराला आहे, कुंभाराला आहे. चांभाराच्या हातातल्या आरीआधी लोकांना त्याची जात दिसते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला मात्र गावगाड्यानं जात दिली नाही. गावगाडा बसला तेव्हा रेडिओच नव्हता. बलुत्यात रेडिओवाला नव्हता, अलुत्यात टीव्हीवाला नव्हता. ऐकायला गंमत वाटते. पण मित्रांनो, आपल्या हाताच्या शिक्षणाचा इतिहास मांडायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

मी हे देवबागला बसून लिहितोय. मालवण तालुक्यातली ही वाळूची चिंचोळी पट्टी. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. तारकर्ली संपली की देवबाग, आणि देवबाग संपलं की कर्लीचं मुख. माझा धंदा रिपेरीचा. इथलं खारं वारं तांब्याला खातं. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडतात, सोल्डरचे सांधे सुटतात. होड्यांवरचे जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ संच, पर्यटकांच्या खोल्यांतले टीव्ही आणि इन्व्हर्टर, सगळ्यांना एकच रोग. त्यामुळे काम कमी पडत नाही. अधूनमधून आपल्या वाड्यांतला एखादा पोरगा येतो आणि विचारतो, "दादा, ह्यां खंय शिकाक मेळात? आनी शिकान उपेग काय?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पत्त्यात देता येतं. दुसऱ्याला इतिहास लागतो. आणि तो इतिहास कुठल्या शाळेच्या पुस्तकात नाही.

मुका झालेला रेडिओ दुरुस्त करताना जाणता माणूस स्पीकरपासून मागं मागं जातो. आवाज कुठल्या टप्प्यापर्यंत येतोय आणि कुठं मरतोय, ते तपासतो. आपणही तसंच बघू. आपला माणूस यंत्रापर्यंत कधी पोचला आणि कुठल्या टप्प्यावर अडवला गेला?

पहिला टप्पा सांगाव्याचा. महाराच्या वतनी कामांत मेलेलं ढोर ओढणं होतं, दवंडी होती, सरकारी माणसाच्या पुढं धावणं होतं, आणि सांगावा होता. कुणाच्या घरात मयत झालं की परगावच्या सोयऱ्यांना कळवायला महार धावणार. ऊन नाही, पाऊस नाही, रात्र नाही. गावाची तार आपणच होतो. फुकटची तार! बदल्यात शिळी भाकर आणि वतनाची चतकोर जमीन. १८७४ च्या वतन कायद्यानं ही वेठ पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. मधली तीस वर्षं मोजा.

आता गंमत बघा. एकोणिसाव्या शतकात खांबावरची खरी तार आली तेव्हा बातमी पोचवण्याच्या कामाला पगार आला, गणवेश आला, पेन्शन आली. बातमी तीच, वाट तीच. पण आत शिरायला अक्षर लागलं, आणि अक्षराचं दार आपल्याला बंद. हजार वर्षं बातमी वाहणाऱ्याला तारमास्तराच्या खुर्चीच्या आसपाससुद्धा जागा नव्हती.

या काळात एक फट उघडी राहिली, ती लष्कराची. कोकणातले महार इंग्रजांच्या फौजेत गेले. तिथं शाळा होती, अक्षर होतं, कवायत होती. गोपाळबाबा वलंगकर त्या फौजेतले. सुभेदार रामजी सकपाळ त्या फौजेतले. पेन्शनीत आलेल्या शिपायांनी कोकणात पहिले अर्ज लिहिले, पहिली भांडणं मांडली. सरकारला गरज होती तोवर दार उघडं, गरज सरली तसं १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद. पुढं दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली, तेव्हा १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. यातून एक गोष्ट ध्यानात ठेवायची. दुसऱ्याच्या गरजेनं उघडलेलं दार दुसऱ्याच्या मर्जीनं बंद होतं. आपल्या हक्कानं उघडलेलं दार बंद करायला त्यांना लढावं लागतं.

दुसरा टप्पा मुंबईच्या गिरणीचा. मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरीची माणसं बोटीनं मुंबईला गेली, गिरण्यांत शिरली. यंत्राला जात कळत नाही असं पुष्कळ लोक म्हणतात. यंत्राला कळत नसेल, यंत्रापाशी उभ्या असलेल्याला बरोबर कळते. कताईच्या खात्यात आपली माणसं चालत होती. विणाईच्या खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं मज्जाव. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून बाहेर काढायला कामगार धोट्याला तोंड लावून सूत ओढायचा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हातात जायचा. महाराची थुंकी लागलेला धोटा मराठा विणकर तोंडाला कसा लावणार? दिवसभराचं काम, वाफेची ताकद, मँचेस्टरचं लोखंड, आणि या सगळ्याला अडवलं कशानं? थुंकीनं! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं मांडला. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. १९३६ साली त्यांनी जातिनिर्मूलनावरचं जे भाषण छापलं त्यात हाच मुद्दा मुळापासून मांडला. जात ही कामं वाटून घेण्याची सोय नाही. ती कामकऱ्यांना वरखाली रचते आणि एकमेकांपासून तोडते. गिरणीतला धोटा त्याचा पुरावा होता.

तिसरा टप्पा दिल्लीचा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ते खातं त्यांच्याकडे १९४६ पर्यंत होतं. युद्धासाठी फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वायरलेसवाले तयार करण्याची तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्या आधीच सुरू झाली होती, ती याच खात्याकडे होती. कारागीर कसा घडतो, त्याला किती महिने लागतात, सरकार मनावर घेतं तेव्हा हजारांनी माणसं कशी शिकवता येतात, हे त्यांनी तिथं जवळून पाहिलं.

२९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. आपल्यातले किती जण ते वाचतात? त्यात राजकीय मागण्या आहेत, नोकऱ्यांच्या आहेत. पण शिक्षणाचा भाग बघा. नुसतं कला आणि कायद्याचं शिक्षण आपल्याला पुरणार नाही, विज्ञान आणि तंत्राचं उच्च शिक्षण पाहिजे, आणि त्याचा खर्च आपल्या लोकांना झेपणारा नाही, म्हणून सरकारनं तो उचलावा, असा त्यांचा रोख. देशातल्या विज्ञान-तंत्र शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला दोन लाख, परदेशच्या शिक्षणासाठी एक लाख. याच निवेदनात खालच्या बाजूची मागणीसुद्धा आहे. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या पोरांना उमेदवार म्हणून घ्या. वर परदेशी विद्यापीठ, खाली रेल्वेचा वर्कशॉप. दोन्ही एकाच कागदावर! बाबासाहेबांनी हात आणि डोकं असे दोन कागद केले नाहीत. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आपल्यापैकी किती जण त्यांच्यावर शिकले!

विजेचंही त्यांच्याच खात्याकडे होतं. २५ ऑक्टोबर १९४३ ला विजेच्या धोरणाच्या समितीपुढं बोलताना त्यांनी सांगितलं की वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे, नाहीतर उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांवाचून या देशाची गरिबी हटणार नाही. जुलै १९४५ मध्ये मजूर खात्यात युद्धातून सुटणाऱ्या सैनिकांच्या आणि कामगारांच्या पुनर्वसनाचं संचालनालय निघालं. त्याच्याच पुढच्या रूपाखाली १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि देशभर आयटीआय निघाल्या. आपण आयटीआयला कमी लेखतो तेव्हा ही वंशावळ आठवत नाही.

चौथा टप्पा रेडिओचा. मुंबई रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. त्याच वर्षी मार्चात महाडला चवदार तळ्याचं पाणी आपण ओंजळीत घेतलं होतं. पाणी आणि आवाज. दोन्ही कुणाच्या मालकीचं नाही, आणि दोन्हीपर्यंत पोचायला आपल्याला झगडावं लागलं. जुना व्हॉल्व्हचा सेट शे-दोनशे व्होल्टवर चालायचा. त्याला घरात वीज हवी, नाहीतर जडशीळ बॅटरी. वर पोस्टातून लायसन काढायचं. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बाबासाहेबांचं भाषण झालं. आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता हे असून ते आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतलं आहे, असं त्यांनी त्यात सांगितलं. ज्यांच्यासाठी ते बोलले त्यांच्या किती वाड्यांत तेव्हा ऐकायचा सेट होता?

विजेचा खांब तर गावातच थांबायचा. सरकारच्या हिशेबात १९९७ पर्यंत गावाच्या हद्दीत कुठंही, कशालाही वीज वापरली की ते गाव विद्युतीकरण झालेलं! एका बागायतदाराच्या पंपाला तार गेली की आपल्या वाडीतल्या अंधारालाही कागदावर उजेड. दलित वस्तीत तारा आणि खांब पोचले असले पाहिजेत ही अट सरकारी व्याख्येत आली २००४ साली. स्वातंत्र्यानंतर सत्तावन्न वर्षांनी. म्हणून म्हणतो, आपल्या वाड्यांत आवाज नेला तो ट्रान्झिस्टरनं. १९४७ च्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला, आणि साठीच्या-सत्तरीच्या दशकात दीड व्होल्टच्या चार सेलवर चालणारा रेडिओ आपल्या माणसाच्या खांद्यावर आला. खांबाची वाट बघायची गरज उरली नाही.

आणि तो बिघडला की? इथं पहिलं वाक्य पुन्हा बघा. बलुत्यात रेडिओवाला नव्हता. सुताराचा पोर बापाकडून सुतारकी शिकतो, दुसऱ्याला शिकवत नाही. रेडिओ कुणाच्या बापाला येत नव्हता. तो शिकायचा तर सरकारी संस्थेत, छापील नकाशावरून, सगळ्यांनी एकाच बाकावर. कौशल्याला जात चिकटायच्या आधी आपण तिथं पोचू शकत होतो. आणि राखीव जागांच्या जोरावर पोचलोही. १९६१ च्या उमेदवारी कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखल्या गेल्या. १९४२ ची मागणी एकतीस वर्षांनी कायद्यात उतरली.

मी रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला तो ऐंशीच्या दशकात. वर्गात सगळे सारखे होते. उमेदवारीला एका वर्कशॉपात गेलो तिथं नव्हते. तिथं सर्व्हिस मॅन्युअलं कपाटात, कपाटाची किल्ली एकाच्या कंबरेला. मला काम काय? कॅबिनेट पुसणं, जुने पार्ट उसवणं, चहा आणणं. म्हणायचे, "हात चांगलो आसा रे तुझो, पण डायग्राम तुका जमाचो नाय." धोटा गेला, किल्ली आली.

पुढं खेड्यांतून सेट दुरुस्त करत फिरलो तेव्हा आणखी एक शोध लागला. रेडिओला जात नाही, पण रेडिओ ठेवलेल्या फळीला आहे. फळी देव्हाऱ्याजवळ. घरवाला सेट स्वतः उचलून खळ्यात आणून द्यायचा. भर पावसात पडवीत बसून मी सोल्डरिंग केलंय. बिल तेवढंच, चहाचा कप मात्र वळचणीचा. टीव्ही आला तेव्हा जरा फरक पडला. टीव्ही जड, अँटेनाची वायर भिंतीतून आलेली, तो बाहेर आणता येईना. मग मला आत घ्यावं लागलं. समतेच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते काही घरांत वीस इंची टीव्हीच्या वजनानं झालं! पण वजनानं आलेली समता वजनाबरोबर जाते, हे पुढं पातळ टीव्ही आल्यावर कळलं.

आणि एक आठवण सांगण्यासारखी. १४ एप्रिलला आमच्या वाडीला कर्णा भाड्यानं मिळायचा नाही. "बुकिंग झालांहा" हे ठरलेलं उत्तर. एका वर्षी आम्ही चार पोरांनी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणला, टूएन३०५५ ची जोडी हीटसिंकवर बसवली आणि अँप्लिफायर उभा केला. त्या वर्षीपासून कर्णा मागायला कुणाच्या दारात गेलो नाही. आपल्या चळवळीत हाताच्या शिक्षणाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो. आवाज आपला असून भागत नाही, भोंगाही आपला लागतो.

पाचवा टप्पा आजचा, आणि सगळ्यांत फसवा. ज्यांना दोन वर्षांची आयटीआय परवडत नाही, दहावीही झालेली नाही, त्यांच्यासाठी सरकारनं वेळोवेळी समाजाच्या दारातलं शिक्षण काढलं. १९६७ साली मुंबईत देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं. २००० साली अशा संस्थांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं. १९७८-७९ पासून कम्युनिटी पॉलिटेक्निकची योजना आली. काही महिन्यांचे वर्ग, प्रवेशाला अट नाही, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, वायरिंग, शिलाई. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. बाराव्या योजनेच्या काळात, २०१२ नंतर, विद्यापीठ अनुदान आयोगानं कम्युनिटी कॉलेजं काढली. ही सगळी दारं चांगली. यांतून शिकून पोट भरणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण दार कुठं उघडतं हे बघायला नको का? तीन महिन्यांच्या वर्गात पोराला मोबाइल उघडायला, डिस्प्ले बदलायला, सांधा मारायला शिकवतात. हात तयार होतो. नकाशा शिकवत नाहीत. हा भाग का जळला, ते कळत नाही. नवं मॉडेल आलं की पोरगा अडाणी. मग त्याला सांगतात, तुमच्यासाठी एवढं पुष्कळ. हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? वर्कशॉपातली किल्ली ती हीच.

जुन्या कित्येक रेडिओंच्या पाठीमागं आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. आज कंपन्या तो दडवतात, सुटे भाग देत नाहीत, उघडलं तर वॉरंटी गेली म्हणतात. जगभर दुरुस्तीच्या हक्काची लढाई चालू आहे. आपल्या सरकारनंही २०२२ साली त्यावर समिती नेमली. ज्ञान झाकून ठेवून त्यावर जगणं, ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्या पूर्वजांच्या कानांनी ती ओळखली होती.

नकाशा नसला तर काय होतं ते बघायचं असेल तर महानगरांतल्या भंगाराच्या गल्ल्यांत जा. तिथंही माणसं दिवसभर टीव्ही आणि कॉम्प्युटर उघडतात, पण हातोडीनं. तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्डं ॲसिडात बुडवतात, शिसं आणि धूर छातीत घेतात. त्यांत आपली माणसं आहेत, गरीब मुसलमान आहेत. ई-कचऱ्याचे नियम २०११ साली झाले, मग २०१६ साली, मग २०२२ साली. नियम कागदावर सुधारत गेले, धूर तिथंच आहे. मेलेलं ढोर ओढायचं नाही असं आपण महाडला १९२७ साली ठरवलं. आता मेलेला टीव्ही ओढायला कोण उभं आहे? तोच डबा रिपेरीवाला उघडतो आणि भंगारवालाही उघडतो. दोघांच्या मध्ये फक्त नकाशा उभा आहे. नवीन धंद्याला जात नसते, पण नकाशा काढून घेतला की ती चिकटायला वेळ लागत नाही.

म्हणून पोरांनो, दोन टोकं टाळा. आपल्यातला शिकलेला म्हणतो, बाबासाहेबांनी बॅरिस्टर व्हायला सांगितलं, सोल्डरिंगची कांडी कशाला? त्याला २९ ऑक्टोबर १९४२ चा कागद दाखवा. दुसरीकडे सरकारी माणूस म्हणतो, कांडी घे आणि गप्प बस. त्यालाही तोच कागद दाखवा. कम्युनिटी कॉलेजात, जन शिक्षण संस्थानात, जिथं मिळेल तिथं शिका. पण पहिल्याच दिवशी उभं राहून विचारा, या कोर्सचे क्रेडिट पुढं कुठं धरतात? सर्किट वाचायला शिकवणार का? मॅन्युअल आमच्या हातात देणार का? दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमावाल्याला इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही शिडी आहे. रायगडात लोणेऱ्याला १९८९ साली बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ निघालं, ते या शिडीच्या वरच्या टोकाला. खालच्या टोकाला तुमच्या वाडीतला तीन महिन्यांचा वर्ग. मधल्या पायऱ्या कुणी काढून नेल्या तर तिथं मोर्चा न्यायचा.

आणि तोवर एक काम आपलं आपण करायचं. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आपल्या विहारात एक टेबल, एक मल्टिमीटर, एक कांडी, आणि भिंतीवर एक सर्किटचा नकाशा. संध्याकाळी दोन तास. शिकवणारा आपल्यातला आयटीआयवाला. मी माझ्यापुरता शनिवारी मालवणला बसतो. येणाऱ्या पोराच्या हातात आधी कांडी देत नाही. आधी नकाशा देतो, बोटानं वाचायला लावतो. बॅटरीपासून स्पीकरपर्यंत. मग कांडी.

जय भीम.